पानाच्या आत बघणारी

आईला गॅलरीच्या पायऱ्या चढवताना भावाने दोनदा घड्याळाकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा ते आईच्या लक्षात आलं.

"कुठे जायचंय का तुला?"

"मला कुठे जायचंय? पाचला लोक येतील. त्याआधी तू निवांत बघून घ्यावंस, असं ताईचं म्हणणं आहे."

"मग चढू दे की मला. सात पायऱ्या आहेत, चार झाल्या. उरलेल्या तीन काही पळून जात नाहीत."

भाऊ हसला. जमिनी मोजण्याच्या खात्यात त्याची पस्तीस वर्षं गेली होती. मोजण्याची खोड आपल्याला आईकडून आली, हे मात्र त्याला निवृत्त झाल्यावर कळलं होतं.

दाराशी धाकटी उभी होती. तिने आईची शाल सारखी केली, चष्मा काढून पुसला आणि परत नाकावर चढवला. धाकटीही आता त्रेपन्न वर्षांची झाली होती, पण घरातलं तिचं नाव काही वाढलं नव्हतं. शाळेत ती मुलांना ओरडायची आणि घरी सगळे तिला.

आत ताई भिंतीला पाठ लावून उभी होती. एकाहत्तराव्या वर्षी पहिलं एकल प्रदर्शन. सकाळपासून तिने फक्त चहा घेतला होता. छत्तीस वर्षं तिने शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढली. बैल, होड्या, पोस्टमन, हात धुणारी मुलं, रस्ता ओलांडणारी मुलं. त्या चित्रांखाली तिचं नाव कधी आलं नाही आणि यावं असं तिला वाटलंही नाही. निवृत्तीनंतर काही वर्षं तशीच गेली आणि मग नऊ वर्षं तिने घरातल्या मागच्या खोलीत दार लावून घेऊन कॅनव्हासवर काम केलं. काय काढतेस, असं विचारलं तर म्हणायची, "झालं की दाखवीन." आता झालं होतं. एकोणीस चित्रं, आणि एकोणीसही बिट्टीची.

बिट्टी, भावाच्या पाठची बहीण, दहाव्या वर्षी तापाने गेली, त्याला एकोणपन्नास वर्षं झाली. पुढे घरात पाणी शिरलं त्या वर्षी फोटोंची पेटी गेली आणि बिट्टीचा एकही फोटो उरला नाही. उरलं ते तिसरीच्या पुस्तकातलं एक चित्र: खिडकीशी बसून वाचणारी मुलगी. नोकरीच्या पहिल्या वर्षी ताईने बिट्टीलाच समोर बसवून ते काढलं होतं. पुस्तक छापून आलं तेव्हा बिट्टी नव्हती. आईने ते पुस्तक एकदाही उघडलं नाही. शाळा सुटायच्या वेळेला रस्त्यावरच्या मुलांच्या हातातसुद्धा ते दिसेल म्हणून ती बरेच दिवस बाहेर पडत नसे.

या वर्षी मात्र आई आपण होऊन म्हणाली होती, "मला तिचा चेहरा एकदा बघायचाय. माझा आता फार वेळ राहिलेला नाही." ताईने तेव्हाच कबूल केलं होतं, दाखवीन. प्रदर्शन वगैरे पुतणीच्या डोक्यातलं होतं. ताईच्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाला प्रेक्षक एकच होता.

म्हणून तिने खोलीच्या मधोमध एक खुर्ची ठेवायला लावली आणि चित्रं अशी टांगली की डावीकडच्या भिंतीवरची बिट्टी उजवीकडे बघेल, उजवीकडच्या भिंतीवरची डावीकडे. पाठ्यपुस्तकांच्या कार्यालयात तिच्या पहिल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चित्रातला माणूस नेहमी पानाच्या आत बघतो. बाहेर बघणारं चित्र मुलाची नजर पुस्तकाबाहेर नेतं. ताईने आयुष्यभर हा नियम पाळला आणि आजही पाळला. एकोणीस बिट्ट्या खुर्चीकडे बघत होत्या.

आई खुर्चीवर बसली नाही. काठी टेकत ती पहिल्या चित्राशी गेली. अकरा वर्षांची मुलगी, बुटांची नाडी बांधता बांधता वर पाहणारी. आईने बराच वेळ पाहिलं. मग दुसरं. मग मध्येच रांग सोडून एकदम पलीकडचं, तिशीतली बाई ओले हात झटकताना. तिथेही ती थांबली.

"छान काढलंयस गं," ती म्हणाली. "हाताचं पाणी तर अगदी खरं वाटतंय. कोण आहे ही?"

धाकटी म्हणाली, "आई, बिट्टी आहे ना ती."

"बिट्टी कुठली?"

"आपली बिट्टी. मोठी झाली असती तर कशी दिसली असती, ते ताईने काढलंय. सगळ्याच बिट्टी आहेत. ही अकराची, ती वीसची, आणि त्या टोकाची एकोणसाठची."

आईने टोकाकडे पाहिलं. पुन्हा पहिल्या चित्राशी आली. कुणी चुकीच्या नंबरावर फोन लावला तर जितक्या हळुवारपणे सांगतात, तितक्या हळुवारपणे ती म्हणाली, "नाही गं. ही बिट्टी नाही."

"आजी, वय वाढवलंय ना, म्हणून वेगळी वाटते," पुतणी पुढे आली. ती भावाची मुलगी. सकाळपासून ती पत्रकांच्या गठ्ठ्यासह या दारातून त्या दारात धावत होती. "पण खुणा बघ. गालावरचा व्रण बघ. प्रत्येक चित्रात आहे."

"तेच तर म्हणतेय. तिचा व्रण या गालावर होता." आईने स्वतःच्या डाव्या गालाला बोट लावलं. "हिचा त्या गालावर आहे."

"समोरासमोर बघताना तसं होतं, आई," धाकटी म्हणाली. "तुझी डावी ती तिची उजवी. आरशात कसं..."

"मला आरसा कळतो. डाव्या पायातली चप्पल कुठली नि उजव्या पायातली कुठली, हे मीच तुला शिकवलंय."

पुतणीला हसू आलं. आणखी कुणी हसलं नाही.

ताई चित्राकडे बघत होती. उजवा गाल. अर्थात उजवा. नऊ वर्षांत एकोणीस वेळा तिने तो व्रण रंगवला होता. सुरुवातीला लालसर, पुढे पांढुरका, वयाबरोबर त्वचेत मुरत गेलेला. हात झोपेतही तिथेच गेला असता.

"आई," ती म्हणाली, "उजवीकडेच होता."

"नाही."

"पुस्तकात उजवीकडे आहे."

"मी पुस्तक पाहिलेलं नाही. मी तिला पाहिलंय."

धाकटी बोलली आणि बोलताना तिचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. "आई, मी ते चित्र दोन वर्षं वर्गात शिकवलंय. दरवर्षी मुलांना सांगितलंय, ही माझी बहीण. उजव्या गालावर व्रण आहे, उजवीकडे भांग आहे. मला डोळे मिटूनही दिसतं."

बिट्टी गेली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. बिट्टीचा हात, बिट्टीचा आवाज, बिट्टीचा वास, यातलं काहीच तिच्यापाशी नव्हतं. तिच्यापाशी एक पान होतं. ते आता कुणी ओढून घेतंय असं तिला वाटलं आणि ओढणारी आई आहे हे तिच्या लक्षातच राहिलं नाही. "तुझं हल्ली सगळंच उलटसुलट होतं, आई. परवा औषधाच्या गोळ्यासुद्धा..."

"धाकटे," ताई म्हणाली.

"खरं तेच बोलतेय."

आई रागावली नाही. तिने उजवा हात वर केला आणि समोर कुणी बसलंय असं समजून पुढे नेला. "तिला समोर बसवून मी मलम लावायचे. महिनाभर, रोज सकाळी. माझा हात असा सरळ जायचा. सरळ तिच्या डाव्या गालावर. आडवा न्यावा लागायचा नाही. डोकं विसरेल, मान्य आहे. पण हात कसा विसरेल?"

हवेत थांबलेल्या त्या हाताकडे सगळे बघत राहिले. मग आईने भावाकडे पाहिलं. "तू सांग. तुझ्याच हातून झालं होतं ते."

चौदाव्या वर्षी भावाने कंपासपेटीचं झाकण भिरकावलं होतं. कशावरून, ते त्याला आता आठवत नव्हतं. टाके पडले. वर्षभराने बिट्टी गेली, ती तापाने. त्याचा व्रणाशी काही संबंध नव्हता. तरीही भावाच्या मनात त्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. गेल्या एकोणपन्नास वर्षांत घरात कुणी त्याला त्या झाकणाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. आज विचारला तो सगळ्यांदेखत. बाहेर गाड्या थांबायला लागल्या होत्या. पुतणी दाराकडे बघत होती, ताईचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता, आणि भावाला एवढंच वाटलं की हे आता संपावं.

"उजवीकडे होता, आई," तो म्हणाला. "मीच मारलं होतं. मला माहीत नसेल?"

आईचा हात हळूहळू खाली आला.

"असं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "असं होय." मग तिने काठी शोधली, धाकटीने ती तिच्या हातात दिली आणि आई मधल्या खुर्चीवर जाऊन बसली.

*

लोक आले. अपेक्षेपेक्षा जास्त आले. कार्यालयातले जुने सहकारी आले, धाकटीच्या शाळेतल्या बाई आल्या, आणि ज्यांना कुणीच ओळखत नव्हतं असेही बरेच आले. कितीतरी जण पहिल्या चित्रापाशी थबकून म्हणत होते, "अरे, ही तर आपल्या तिसरीच्या पुस्तकातली." एका टक्कल पडलेल्या माणसाने ताईला सांगितलं, "या मुलीवर माझं पहिलं प्रेम होतं, आठव्या वर्षी. बरं झालं, मोठी झालेली बघायला मिळाली." ताई हसली. हसण्याचं काम तिचं तोंड आपलं आपण करत होतं.

आई मधोमध बसली होती. लोक तिच्यापर्यंत येत, वाकत आणि थोड्या मोठ्या आवाजात बोलत.

"तुम्ही तिच्या आई ना? किती जिवंत चेहरा आहे हो. प्रत्येक चित्रात त्या व्रणावरून लगेच ओळखू येते."

"हो का," आई म्हणायची.

"आम्ही लहान असताना या व्रणाची कॉपी करायचो. पेनने गालावर रेघ मारायची. इथे, उजवीकडे."

"हो का."

समोर अकरा वर्षांची बघत होती, डावीकडून वीसची, उजवीकडून पन्नासची. जिकडे मान वळवावी तिकडून ती हिच्याकडेच बघत होती आणि प्रत्येकीचा व्रण त्याच गालावर. आईने डोळे मिटले. आजवर डोळे मिटले की ती मुलगी यायची. नीट येत नसे, तुकड्यांत येई. एक वेणी, कानामागचा घाम, मलम झोंबलं की आक्रसणारा एक डोळा. आता डोळे मिटल्यावर ओले हात झटकणारी बाई आली. आईने तिला बाजूला सारलं. मग नाडी बांधणारी आली. मांडीवर ठेवलेला उजवा हात आईने जरासा उचलला, शालीखालीच, कुणाला दिसू नये असा. सरळ की आडवा? पोरं म्हणतात ते खोटं कसं असेल? ज्याच्या हातून लागलं, तोही तेच म्हणतोय. आणि गोळ्यांचा घोळ परवा खरंच झाला होता.

*

प्रवेशाजवळ काचेच्या पेटीत पुतणीने ताईच्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या. झिजलेले ब्रश, तिसरीच्या पुस्तकाची फाटकी प्रत, आणि त्या वाचणाऱ्या मुलीचं, आरपार दिसणाऱ्या कागदावर पेन्सिलीने काढलेलं, पिवळं पडलेलं ट्रेसिंग. ते ट्रेसिंग ताईच्या जुन्या फाइलींत सापडलं तेव्हा पुतणी हरखून ओरडली होती. ताईने मात्र त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. "तुला हवं तसं ठेव," ती म्हणाली होती. "मला दाखवू नकोस. एवढं तरी ऐक."

सहाच्या सुमाराला गॅलरीवाल्या बाई पेटीशी वाकून म्हणाल्या, "हे कोपऱ्यातलं उलटं लिहिलेलं काय आहे? मुद्दाम आरशातलं अक्षर काढलंय का?"

"नाही, अक्षर सरळच आहे," पुतणी म्हणाली. "कागद उलटा ठेवलाय मी. आधी सरळ ठेवला होता, पण मग चेहरा पुस्तकातल्या चित्राशी जुळेना. ही इकडे बघायला लागली आणि ती तिकडे. उलटा केल्यावर अगदी बरोब्बर जुळला."

ताई चार पावलांवर कुणाशी तरी बोलत होती. बोलता बोलता ती थांबली.

ती पेटीजवळ आली. काचेला हात टेकले. कोपऱ्यात पेन्सिलीने वेडंवाकडं, उलटं, दोन शब्द: पाय दुखले. खिडकीशी तासभर बसवून ठेवलं होतं म्हणून बिट्टीने पेन्सिल हिसकावून लिहिले होते. त्या वर्षी चांगला कागद कार्यालयातून मोजून मिळायचा, म्हणून ताईने चित्र थेट ट्रेसिंगवरच काढलं होतं. ट्रेसिंगला दोन्ही बाजू सारख्याच. अक्षर असलं तरच कळतं, सुलटी कुठली ते.

तिने पुतणीला पेटी उघडायला सांगितली.

"आत्ता? आत्या, लोक आहेत."

"उघड."

आणि कागद हातात घेताच तिला ते दिसलं, जे तिने इतकी वर्षं पाहिलं नव्हतं. बिट्टी गेल्यानंतरचा आठवा दिवस. कार्यालयातली लांब टेबलं. साहेब तिच्याशी नेहमीपेक्षा हळू बोलत होते. पाठाची जागा बदलली होती, उजव्या पानावरचा पाठ डाव्या पानावर आला होता, त्यामुळे मुलगी आता पानाच्या बाहेर बघत होती. घरी जायचं असेल तर जा, असं साहेब म्हणाले होते. ती गेली नाही. तिने ट्रेसिंग उलटं केलं आणि पुन्हा गिरवलं. दहा मिनिटांचं काम. बैलांचं, होड्यांचं, पोस्टमनचं ती आठवड्याला चार वेळा करायची. हात करत होते, ती स्वतः तिथे नव्हतीच.

पुढे तिने तोच छापलेला चेहरा पाहिला. वर्षानुवर्षं. त्याच चेहऱ्यावरून तिने वीसची बिट्टी ताडली, तिच्यावरून तिशीची. भांग, किंचित खाली झुकलेली पापणी, एक तिरका दात, सगळं पलीकडच्या बाजूला. माणसाचा चेहरा काही दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. तो उलटवला की दुसरंच कुणीतरी होतं, हे तिने नव्या मुलांना किती वेळा शिकवलं होतं.

*

गॅलरीच्या मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यांवर भाऊ बसला होता. त्याच्या मांडीवर पत्रकाची कोरी बाजू होती आणि त्यावर त्याने जुन्या घरातल्या खोलीचा नकाशा काढला होता. दार, खिडकी, टेबल. टेबलाशी एक टिंब.

ताई ट्रेसिंग घेऊन आत आली. तिच्यामागून धाकटी. "काय झालंय? बाहेर सगळे विचारताहेत," धाकटी म्हणाली.

भावाने मान वर केली नाही. "खिडकी तिच्या उजव्या हाताला होती," तो म्हणाला. "म्हणजे दार डाव्या हाताला. मी दारात होतो. तिथून फेकलं तर उजव्या गालाला लागूच शकत नाही. ते झाकण काय वळसा घालून गेलं?" त्याने पेन्सिलीने पुन्हा एक रेघ ओढली. "मला तिचा चेहरा आठवतच नाहीये, ताई. मी आठवायला गेलो की पुस्तकातलं चित्र येतं. भिंती आठवतात, दार आठवतं. ती तेवढी नाही."

ताईने ट्रेसिंग त्याच्यासमोर धरलं. सुलटं. मागच्या दिव्याचा उजेड कागदातून आला.

कागदावरची मुलगी त्यांच्या ओळखीची नव्हती. कुठल्यातरी लांबच्या नात्यातली असावी तशी दिसत होती. व्रण डाव्या गालावर होता.

"मी मघाशी आईला खोटं पाडलं," भाऊ म्हणाला.

"आपण सगळ्यांनी," ताई म्हणाली.

"मी तर वेडी ठरवलं तिला," धाकटी म्हणाली आणि खोक्याच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "नाही सांगितलं तर? ताई, विचार कर. बाहेर एवढी माणसं रडून जाताहेत. आई आता शांत बसलीय. तिने मान्य केलंय."

"म्हणूनच सांगायला हवं."

"आणि माझं काय? मी त्या बाहेरच्या बिट्टीशी बोलते, तुला माहितीये? पन्नास वर्षं. ही," तिने ट्रेसिंगकडे बोट केलं, "ही कोण आहे माझी?"

भाऊ म्हणाला, "धाकटे, आजपर्यंत प्रत्येक भांडणात मी तुझ्या बाजूने उभा राहिलो. आज नाही राहणार."

"नको राहूस. तसाही काय उपयोग झाला तुझा?"

ते खरं होतं. ताई कागदाच्या कडेला आलेली घडी बोटाने सरळ करत होती. पुन्हा पुन्हा. "नऊ वर्षं," ती म्हणाली. "त्या खोलीत मी कुणाला वाढवत होते?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मग ती उठली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "चला. तिघंही जाऊ. एकटीला नको सांगायला लावू तुला."

*

साडेसातपर्यंत दालन रिकामं झालं. बाहेर अजून थोडा उजेड होता. गॅलरीवाल्या बाई एकेक दिवा मालवत होत्या. पुतणीने त्यांना हळूच सांगितलं, मधला राहू द्या.

आई खुर्चीतच होती. तिघं समोर येऊन उभे राहिले तशी ती म्हणाली, "शाळेतून चिठ्ठी आल्यासारखे काय उभे राहिलात?"

ताई गुडघ्यांवर बसली. तिला पटकन बसता आलं नाही. भावाने खांद्याला धरलं. तिने ट्रेसिंग दोन्ही हातांनी उंच धरलं, उजेड मागून येईल असं.

"आई, हे खरं चित्र. तिला समोर बसवून काढलेलं. बघ."

आईने चष्मा वर सरकवला. पुढे वाकली. आधी कोपऱ्यातलं अक्षर वाचलं, ओठ हलवत. "पाय दुखले." ती थांबली. "तिचंच अक्षर आहे हे. 'दु' असाच काढायची, पोट सुटलेला." तिचा चेहरा एकदम सैल झाला, आणि त्या एका क्षणात तिघांनाही वाटलं, जमलं.

मग आईने चेहरा पाहिला. बराच वेळ.

"पण तुझं हे चुकलंय गं," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"गालावरचं. उजवीकडे होतं ना ते. इकडे काढलंयस तू."

"नाही, आई," भाऊ खाली वाकला. "तूच बरोबर होतीस. डावीकडेच होतं. मी चुकीचं सांगितलं मघाशी. मी खोलीचा नकाशा काढून पाहिला. मी दारात होतो, म्हणजे..."

"राहू दे रे."

"खरंच सांगतोय."

"आई, शपथ," धाकटी म्हणाली. "ताईने पुस्तकासाठी उलटं केलं होतं. आम्ही सगळे उलटंच शिकलो. तुला एकटीला नीट आठवत होतं."

आईने एकेकाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत समजूतदारपणा होता आणि तो बघवत नव्हता. "म्हातारीचं मन राखायला निघालात होय सगळे," ती म्हणाली. "आत जाऊन ठरवून आलात. मला कळत नाही का? मघाशी मी हट्ट धरला, ते चुकलंच माझं. एवढे लोक आले, सगळे उजवीकडेच म्हणाले. त्यांना काय पडलीय खोटं बोलायची?" तिने धाकटीच्या हातावर थोपटलं. "तू म्हणालीस ते बरोबर आहे. माझं हल्ली उलटसुलट होतं."

"मलम," ताई म्हणाली. "आई, तू मलम लावायचीस. हात कसा जायचा, ते दाखव. तू म्हणालीस ना, हात विसरत नाही."

आईने हात उचलला. तो तिच्या आणि कागदाच्या मध्ये थांबला. दालनात बाहेरच्या गाड्यांचा आवाज येत होता. चारही भिंतींवरून एकोणीस जणी त्या हाताकडे बघत होत्या.

हात सरळ पुढे निघाला. मग आईने मान वळवून समोरच्या चित्राकडे पाहिलं, ताळा करून घ्यावा तसं, आणि हात परत मागे घेतला.

"हे उलटं धरलंयस का तू?" तिने विचारलं.

भाऊ काहीतरी बोलणार होता, पण धाकटीने त्याच्या दंडाला धरलं. ताईने कागद खाली घेतला, दहा मिनिटांचं काम दहाच सेकंदांत करावं तसा उलटा केला आणि पुन्हा वर धरला. कोपऱ्यातले दोन शब्द आता कुणालाच वाचता येण्यासारखे नव्हते.

"हं," आई म्हणाली. "आता बघ. आता आली."

आणि तिचा हात स्वतःच्या छातीवरून आडवा गेला, मुलीच्या उजव्या गालाकडे, आणि तिथे हळूहळू मलम लावत राहिला.